बुरूज पाडलेल्या किल्ल्यातला मुलगा: संत फ्रान्सिस झेवियर यांचं बालपण आणि शिक्षण

जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत ज्यांचे अवशेष जपून ठेवले आहेत, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांना गोव्यात ‘गोंयचो सायब’ म्हणतात. मुंबईत १८६९ पासून त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. नाव इतकं ओळखीचं, पण त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: राजघराण्यात जन्मले आणि ऐश्वर्य सोडून धर्मसेवेला लागले. यातलं राजघराणं खरं नाही, घराणं सरदारांचं होतं. ऐश्वर्य म्हणावं, तर फ्रान्सिस दहा वर्षांचा होण्याच्या सुमारासच त्याच्या घराचे बुरूज सरकारी हुकमाने पाडले गेले होते. पुढे जो माणूस घडला तो या पडझडीतून आणि पॅरिसच्या एका कॉलेजातल्या अकरा वर्षांतून. ही दोन्ही अंगं समजून घेतल्याशिवाय तो गोव्याला का आणि कसा पोहोचला, हे कळत नाही.

त्यांच्या भारतातल्या कामाबद्दल गोव्यात भक्ती आहे, तसा वादही आहे. १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मविरोधी मतांची चौकशी करणाऱ्या चर्चच्या न्यायासनाची, मागणी केली होती. ते न्यायासन गोव्यात आलं १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. तो विषय मोठा आहे, त्याला स्वतंत्र जागा हवी. इथे मुख्यतः १५०६ ते १५३६ ही तीस वर्षं पाहू.

घर, आडनाव, भाषा

फ्रान्सिसचा जन्म ७ एप्रिल १५०६ चा, नवारा राज्यातल्या झेवियरच्या किल्ल्यात. आज हा प्रदेश स्पेनमध्ये आहे, म्हणून त्याला सर्रास ‘स्पॅनिश संत’ म्हटलं जातं. पण १५०६ मध्ये नवारा हे पिरेनीज पर्वताच्या कुशीतलं स्वतंत्र राज्य होतं. उत्तरेला फ्रान्स, दक्षिणेला आणि पश्चिमेला कॅस्टील, पूर्वेला अरागॉन. पांप्लोना ही राजधानी. झेवियरचा किल्ला पूर्व सीमेवर, सांग्वेसा गावाजवळ, अरागॉनची हद्द अगदी लागून. दोन राज्यांच्या भांडणात पहिला तडाखा बसावा अशी ती जागा.

झेवियर हे मुळात आडनाव नाही, गावाचं नाव आहे. बास्क भाषेतल्या ‘एचेबेरी’ या शब्दाचं ते बदललेलं रूप, आणि त्याचा अर्थ नवं घर. आपल्याकडच्या ‘नवघर’सारखंच. स्पॅनिशमध्ये आज त्याचा उच्चार ‘हावियेर’ असा होतो.

इथे एक घोळ नेहमी होतो. वडिलांचं नाव डॉक्टर हुआन दे हासो, मग मुलगा झेवियर कसा? कारण त्या काळच्या नवारात आडनाव बापाकडूनच यायला हवं असा नियम नव्हता. ज्या वतनाशी आपलं नातं दाखवायचं, त्याचं नाव लावायचं. आई मारिया दे आझ्पिलिक्वेता ही झेवियर आणि आझ्पिलिक्वेता या दोन्ही वतनांची वारस होती. म्हणून एकाच आईच्या मुलांपैकी मधला भाऊ हुआन ‘आझ्पिलिक्वेता’ लावतो आणि धाकटा फ्रान्सिस ‘झेवियर’. जुन्या कागदांत हे भाऊ शोधताना आडनावावर विसंबलं की माणसं हरवतात.

पाच भावंडांत फ्रान्सिस शेंडेफळ. थोरली बहीण माग्दालेना त्याच्या जन्माआधीच कॅस्टीलच्या राणी इसाबेलाची सखी म्हणून दरबारी गेली होती. पुढे तिने ते सोडलं आणि गांदियाच्या मठात क्लारा संघाची संन्यासिनी झाली. दुसरी बहीण आना. मग मिगेल आणि हुआन, दोघंही सैनिक.

वडिलांकडे नीट पाहायला हवं. हुआन दे हासो हे इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाचे कायद्याचे डॉक्टर, आणि नवाराच्या राजाच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्ष. म्हणजे घरातली जमीन आणि बुरूज आईकडून आलेले, तर दरबारातलं वजन वडिलांनी पदवीच्या बळावर मिळवलेलं. धाकट्या मुलाने पुढे तलवार न धरता पुस्तक धरलं, त्यामागे घरातलंच हे उदाहरण होतं.

घरात बोलली जाणारी भाषा बास्क. फ्रेंच, स्पॅनिश, लॅटिन यांच्याशी तिचं काही नातं नाही. जानेवारी १५४४ मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की इथल्या लोकांची भाषा मलबारी आणि माझी बास्क, त्यामुळे आम्हाला एकमेकांचं समजेना. (मलबारी म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज बोलीत तमिळ.) अकरा वर्षं पॅरिसमध्ये लॅटिन बोलून, युरोपभर हिंडूनही ‘माझी भाषा’ म्हणताना त्याला बास्कच आठवली.

धार्मिक संस्कार घरातच होत होते. किल्ल्यात अक्रोडाच्या लाकडातला क्रूसावरचा ख्रिस्त आहे. जवळ जाऊन पाहिलं तर ओठांवर मंद हसू दिसतं. क्रूसावरच्या ख्रिस्ताचा चेहरा सहसा वेदनेचा असतो, हा तसा नाही. फ्रान्सिस याच मूर्तीपुढे प्रार्थना करत वाढला. आईवडिलांनी किल्ल्यालगतच्या चर्चचीही नीट व्यवस्था लावून दिली होती. लॅटिनची पहिली अक्षरं त्याने आसपासच्या धर्मगुरूंकडेच गिरवली.

किल्ला पडतो

जुलै १५१२ मध्ये अरागॉनचा राजा आणि कॅस्टीलचाही कारभार पाहणारा फर्नांदो याच्या फौजा ड्यूक ऑफ आल्बाच्या हाताखाली नवारात घुसल्या. २५ जुलैला पांप्लोनाने शरणागती पत्करली. राजा उत्तरेला पळाला, आणि ज्या राजाचे हासो मुख्य सल्लागार होते त्याचं राज्यच गेलं. फ्रान्सिस तेव्हा सहा वर्षांचा होता. ऑक्टोबर १५१५ मध्ये वडील वारले.

१५१६ मध्ये राजा फर्नांदो मरण पावला. ही संधी साधून नवाराच्या निष्ठावंतांनी उठाव केला. तो फसला. कॅस्टीलचा कारभार तेव्हा कार्डिनल सिस्नेरोस पाहत होते. बंडाला आसरा देतील असे नवारातले किल्ले पाडून टाका, असा त्यांचा हुकूम सुटला, आणि त्यात झेवियरचंही नाव होतं.

किल्ला ‘उद्ध्वस्त केला’ असं मोघम लिहिलं जातं, पण नेमकं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. बाहेरची तटबंदी पाडली. दरवाजे आणि गोल बुरूज जमीनदोस्त केले. खंदक बुजवला. मधला मुख्य बुरूज अर्ध्या उंचीवर छाटला. कुटुंब राहत होतं तेवढा भाग मात्र ठेवला. म्हणजे लोकांनी तिथे राहावं, पण लढता येऊ नये. घराची मान कापून धड उभं ठेवल्यासारखं. आज तिथे जो किल्ला दिसतो तो बराचसा नंतर पुन्हा बांधलेला आहे.

तट पडल्यावर दरारा गेला आणि दरारा गेल्यावर उत्पन्न आटलं. झेवियरच्या हद्दीतून जाणाऱ्या मेंढरांच्या कळपांवर या घराण्याचा कर होता. आता मेंढपाळ तो द्यायला नकार देऊ लागले. शेजारच्या गावांशी जमिनीचे तंटे लागले. दावे चालवायला विधवा आई, आणि वसुलीला कोणी नाही, कारण मोठे भाऊ युद्धात.

१५२१ मध्ये फ्रेंचांच्या मदतीने नवारा परत घेण्याचा मोठा प्रयत्न झाला. फ्रान्सिसचे दोन्ही भाऊ या बाजूने उतरले. २० मे रोजी पांप्लोनाच्या गढीवर तोफा डागल्या गेल्या, तेव्हा आत कॅस्टीलच्या बाजूने लढणाऱ्या एका बास्क सरदाराच्या पायावर गोळा आदळला. त्याचं नाव इग्नेशियस लोयोला, पुढे जेझुइट संघाचे संस्थापक. त्या दुखण्यातल्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांचं आयुष्य पालटलं. आठ वर्षांनी ते आणि फ्रान्सिस पॅरिसमध्ये एकाच खोलीत राहणार होते. फ्रान्सिसच्या भावानेच तो गोळा डागला असं कधी कधी रंगवून सांगतात, त्याला आधार नाही. भाऊ विरुद्ध बाजूला होते, एवढं खरं आणि तेवढं पुरेसं आहे.

उठाव पुन्हा फसला. १५२२ मध्ये अमायूरच्या किल्ल्याचा पाडाव झाला. तिथे मिगेल कैद झाला आणि पुढे पांप्लोनाच्या तुरुंगातून निसटला. दोन्ही भाऊ फुएंतेराबिया या सीमेवरच्या गढीत शेवटपर्यंत लढले. १५२४ मध्ये फर्नांदोचा नातू आणि वारस सम्राट चार्ल्सने माफी दिली, तेव्हा घरी परतले.

म्हणजे सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत फ्रान्सिसने काय पाहिलं? राज्य गेलेलं, वडील गेलेले, बुरूज गेलेले, भाऊ फरार, आई कोर्टकचेरीत. ‘ऐश्वर्यात वाढलेला’ हे वर्णन या मुलाला लागू पडत नाही. घराणं उच्च आणि हातात रोकड नाही, ही परिस्थिती आपल्याकडच्या पडक्या वाड्यांतल्या माणसांना वेगळी समजावून सांगायला नको.

पॅरिसच का?

धाकट्या मुलाला वतनात फारसा वाटा नसे. त्याच्यापुढे दोन वाटा असत: फौज किंवा धर्मपीठ. फौजेच्या वाटेवर भावांचं काय झालं ते घरासमोर होतं. दुसरी वाट शिक्षणातून जाणारी. पदवी मिळवायची, मग पांप्लोनाच्या कॅथेड्रलमध्ये ‘कॅनन’चं पद. कॅनन म्हणजे कॅथेड्रलच्या कारभारी मंडळातला धर्मगुरू, ठरलेलं उत्पन्न असलेला. डोक्यावरचे थोडे केस कापून धर्मसेवकांत नाव नोंदवायचा पहिला विधी फ्रान्सिसने केलेला होता. पॅरिसच्या कागदांत तो ‘पांप्लोना धर्मप्रांताचा धर्मसेवक’ म्हणूनच येतो.

सालामांका आणि अल्काला ही विद्यापीठं जवळ होती, पण ती होती कॅस्टीलमध्ये, ज्या राज्याने घर पाडलं तिथे. पॅरिस हे ईशज्ञानाचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राचं, युरोपातलं पहिलं नाव. शिवाय नवाराचं पदच्युत राजघराणंही फ्रान्सच्याच आश्रयाने होतं. सप्टेंबर १५२५ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, फ्रान्सिस घर सोडून निघाला. आई १५२९ मध्ये वारली. त्यांची पुन्हा भेट झाली नाही.

सेंत-बार्ब: कॉलेज म्हणजे काय

तो दाखल झाला सेंत-बार्ब कॉलेजात. तेव्हाचं ‘कॉलेज’ म्हणजे वसतिगृह, खानावळ आणि वर्ग हे सगळं एका आवारात. विद्यापीठ हे या सगळ्यांच्या वरचं छत्र, परीक्षा आणि पदव्या देणारं. पॅरिसमध्ये चार शाखा होत्या: कला, ईशज्ञान, धर्मकायदा आणि वैद्यक. कला ही पायाची शाखा, तिच्यातून गेल्यावर बाकीच्यांत प्रवेश. कला शाखेतले लोक मूळ प्रदेशाप्रमाणे चार ‘राष्ट्रां’त वाटलेले असत: फ्रेंच, पिकार, नॉर्मन आणि जर्मन. स्पेन-पोर्तुगालकडची मुलं ‘फ्रेंच राष्ट्रा’त मोडत.

सगळे विद्यार्थी सारखे नसत. कोणी पूर्ण पैसे भरून कॉलेजच्या पंगतीला जेवणारे, कोणी खोली भाड्याने घेऊन स्वतःचं खाणं बघणारे, कोणी शिष्यवृत्तीवर, तर कोणी श्रीमंत मुलाची चाकरी करत त्याच्याच शेजारी बसून शिकणारे. फ्रान्सिसजवळही असा एक चाकर-विद्यार्थी होता, मिगेल लांदीवार. घरून पैसे वेळेवर येत नसताना चाकर ठेवायचा, कारण सरदाराच्या मुलाने तसं राहायचं असतं! माग्दालेनाबद्दल परंपरेने सांगितलं जातं की घरचे खर्चाला कंटाळले तेव्हा तिने गांदियाहून कळवलं, त्याचं शिक्षण थांबवू नका.

दिनक्रम कडक. पहाटे चारला घंटा. पाचला मेणबत्तीच्या उजेडात पहिलं व्याख्यान. मग मिस्सा, म्हणजे चर्चमधला उपासनाविधी, आणि पावाचा तुकडा. आठ ते दहा मुख्य वर्ग, मग त्यावर प्रश्नोत्तरं. अकराच्या सुमाराला जेवण, दुपारी तीन ते पाच पुन्हा वर्ग, सहाला रात्रीचं जेवण, मग दिवसभराच्या पाठाची उजळणी, नऊच्या सुमाराला निजानीज. मुलं जमिनीवर पेंढ्यावर बसत. जवळच्या एका गल्लीचं नावच ‘पेंढा गल्ली’ पडलं होतं. आवारात बोलायचं ते लॅटिनमध्ये. यामागे व्यवहार होता: नवारा, सॅव्हॉय, पोर्तुगाल, स्कॉटलंड इथून आलेल्या मुलांना दुसरी सामाईक भाषाच नव्हती.

पदवीच्या पायऱ्या

पहिली पायरी लॅटिन. ते पक्कं झाल्याशिवाय पुढे सोडत नसत. फ्रान्सिसचं पहिलं वर्ष यातच गेलं. मग साडेतीन वर्षांचा तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम. सुरुवातीला पीटर ऑफ स्पेन यांचं तर्कशास्त्राचं संक्षिप्त पाठ्यपुस्तक, ‘सुम्युले’. मग अॅरिस्टॉटलचे तर्कावरचे ग्रंथ, आणि नंतर त्याचंच निसर्गविज्ञान, नीतिशास्त्र आणि सत्ताशास्त्र, म्हणजे अस्तित्वाच्या मुळाचा विचार.

शिकवण्याचा कणा होता वाद. वाद म्हणजे भांडण नव्हे, ठरलेल्या नियमांची कसरत. एकाने मत मांडून ते राखायचं, दुसऱ्याने तर्काने ते पाडायचं. आपल्या न्यायशास्त्रातलं ओळखीचं उदाहरण घेऊन ती रीत अशी दिसेल. राखणारा म्हणतो, ‘डोंगरावर विस्तव नाही.’ पाडणारा म्हणतो, ‘जिथे धूर तिथे विस्तव. डोंगरावर धूर आहे. म्हणून डोंगरावर विस्तव आहे.’ आता राखणाऱ्याने थेट उत्तर द्यायचं नाही. आधी समोरच्याची तिन्ही वाक्यं जशीच्या तशी परत म्हणायची. मग एकेक वाक्य घेऊन तीनपैकी एक शब्द उच्चारायचा: ‘कॉन्सेडो’ म्हणजे मान्य, ‘नेगो’ म्हणजे अमान्य, ‘दिस्तिंग्वो’ म्हणजे इथे भेद करतो. ‘पहिलं वाक्य मान्य. दुसऱ्यात भेद करतो: खरा धूर असेल तर मान्य, धुरासारखं दिसणारं धुकं असेल तर अमान्य. म्हणून निष्कर्ष अमान्य.’ आता तो धूरच आहे हे सिद्ध करायची जबाबदारी पाडणाऱ्यावर. समोरच्याचं म्हणणं परत म्हणण्याचा नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. आपण जे खोडतोय ते त्याने खरंच म्हटलंय का, हे त्यात आपोआप तपासलं जातं.

या पद्धतीत बिघाडही होता. तासन्‌तास शब्दांचा कीस पाडला जाई, आणि ग्रीक-लॅटिन साहित्यावर प्रेम करणारे मानवतावादी विद्वान याच कारणासाठी पॅरिसच्या तार्किकांवर तुटून पडत. सेंत-बार्बमध्ये नवे वारे बऱ्यापैकी खेळत होते. समोरच, एका गलिच्छ गल्लीपलीकडे, माँतेग्यू कॉलेज होतं, कडक शिस्तीसाठी आणि वाईट जेवणासाठी बदनाम. १४९५ च्या सुमाराला तिथे राहिलेल्या इरॅस्मस या मानवतावादी विद्वानाने तिथल्या सडक्या अंड्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. प्रोटेस्टंट पंथाचा पुढचा धुरीण जॉन कॅल्व्हिन याच माँतेग्यूत शिकला, आणि त्याचे तिथले दिवस फ्रान्सिसच्या सुरुवातीच्या दिवसांशी जुळतात. त्या एका गल्लीच्या दोन बाजूंना युरोपच्या धर्मइतिहासाचे दोन प्रवाह राहत होते.

परीक्षेच्या तीन पायऱ्या. आधी बॅचलर. त्यासाठीच्या एका रिवाजाला ‘दगड घेणं’ म्हणत. त्याला एक सोन्याचं नाणं लागे, आणि फार गरीब विद्यार्थ्याला ते जड जाई. मग लायसन्स, म्हणजे शिकवण्याचा परवाना, तो धर्मपीठाचे चान्सलर देत. शेवटी मास्टर, म्हणजे स्वतः पहिलं व्याख्यान देऊन शिक्षकांच्या मंडळात बसणं. लायसन्सला गुणानुक्रम लागे. १५३३ मध्ये इग्नेशियस यांचा शंभरएक जणांत तिसावा क्रमांक आला होता. फ्रान्सिस १५२९ मध्ये बॅचलर झाला आणि १५३० मध्ये लायसन्स घेऊन मास्टर. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

अभ्यासाबाहेरचा फ्रान्सिस उंचापुरा, चपळ, हसरा. सेन नदीतल्या बेटावर विद्यार्थ्यांच्या शर्यती होत. त्यात धावणं आणि उडी मारणं या दोन गोष्टींत त्याचं नाव होतं, आणि त्याचा त्याला अभिमानही होता. शहरात घसरायच्या जागाही होत्या. एक शिक्षक रात्री मुलांना बाहेर घेऊन जाई. तो आणि त्याच्याबरोबरची मुलं गुप्तरोगाने सडली, ते पाहून आपण वाचलो, असं फ्रान्सिसने पुढे भारतात, मैलापूरला (आजच्या चेन्नईत) सांगितल्याची नोंद आहे.

सरदारकीचा दाखला

१५३० पासून तो दोर्मां-बोव्हे कॉलेजात अॅरिस्टॉटल शिकवू लागला. पगार बेताचा, खर्च मोठा. आणि १५३१ मध्ये त्याने पॅरिसच्या नोटरीसमोर मुखत्यारपत्र करून नवारात एक अर्ज लावला: मी जन्माने सरदार आहे, याचा अधिकृत दाखला मिळावा.

दाखल्यासाठी नुसतं बापाचं नाव चालत नसे. आजी-आजोबांची चारही घराणी सरदारांची आहेत हे साक्षीदार आणि कागद दाखवून सिद्ध करावं लागे. त्याची चार घराणी होती हासो, आतोंदो, आझ्पिलिक्वेता आणि आझ्नारेस. दाखला हाती आला की करमाफी, मान, आणि मुख्य म्हणजे कॅथेड्रलच्या पदासाठी दावा बळकट. घर पडलेल्या माणसाला कागदावरची सरदारकी किती महत्त्वाची वाटते, ते या अर्जात दिसतं. पंचविशीतल्या फ्रान्सिसला संत व्हायचं नव्हतं, नोकरी हवी होती आणि घराण्याचं नाव परत उभं करायचं होतं.

निकाल लागला १५३६ मध्ये, पाच वर्षांनी. तोवर अर्जदाराला तो नको झाला होता.

तिघांची खोली

मधल्या काळात काय झालं, त्याचं उत्तर सेंत-बार्बच्या एका खोलीत आहे. तिथे फ्रान्सिसचा सोबती होता पीटर फाबर. सॅव्हॉयच्या डोंगरातला, लहानपणी मेंढरं राखलेला, फ्रान्सिसपेक्षा सहा दिवसांनी लहान. ग्रीकमध्ये तो इतका तयार होता की शिक्षक हुआन दे ला पेन्या अॅरिस्टॉटलच्या मुळात अडले की त्याला विचारत. वतनदाराचा मुलगा आणि मेंढपाळाचा मुलगा बरोबरीने शिकले, एकाच वर्षी पदवीधर झाले.

ऑक्टोबर १५२९ मध्ये तिसरा माणूस आला: इग्नेशियस लोयोला, वय अडतिशीत, पायाने लंगडत. त्यांची शिक्षणाची गोष्ट इथे मुद्दाम सांगायला हवी. त्याआधी अल्कालात त्यांनी तर्कशास्त्र, निसर्गविज्ञान आणि ईशज्ञान तिन्ही एकदम सुरू केली होती. पाया कच्चा, वर मजल्यावर मजले. हाती काही लागलं नाही. पॅरिसला आल्यावर त्यांनी चूक ओळखली आणि माँतेग्यूत लहान मुलांच्या वर्गात बसून लॅटिन पहिल्यापासून शिकले. पॅरिसची क्रमवार शिकवण्याची रीत त्यांच्या मनावर ठसली ती या अनुभवामुळे.

फाबर लवकरच त्यांचा झाला. फ्रान्सिस वर्षानुवर्षं झाला नाही. तो त्यांच्या भिक्षा मागण्याची थट्टा करी. ‘सगळं जग मिळवलं आणि आत्मा गमावला तर काय लाभ?’ हे बायबलमधलं वाक्य एकदा ऐकलं आणि तो बदलला, असं चित्र रंगवलं जातं. घडलं ते फार सावकाश, आणि उपदेशापेक्षा आधाराने. फ्रान्सिस शिकवू लागला तेव्हा इग्नेशियस यांनी त्याच्या वर्गाला विद्यार्थी मिळवून दिले. पैशांची अडचण आली तेव्हा पैसे दिले. २५ मार्च १५३५ रोजी भाऊ हुआनला लिहिलेलं पत्र हे त्याचं उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं पत्र. त्यात तो हे मान्य करतो, आणि या माणसाने मला वाईट संगतीपासूनही वाचवलं असं लिहितो. त्या काळी पॅरिस नव्या धर्ममतांनी पेटलं होतं, सहा महिन्यांपूर्वीच भिंतींवर लागलेल्या मिस्साविरोधी पत्रकांनी मोठं वादळ उठलं होतं, आणि फ्रान्सिसच्या मित्रांत त्या मतांची माणसं होती. हे पत्र घेऊन नवारात गेले ते स्वतः इग्नेशियस.

१५३३ मध्ये फाबर काही महिने घरी गेला होता. खोलीत दोघंच उरले, आणि याच सुमारास फ्रान्सिसचं मन पुरतं वळलं. १५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्रच्या टेकडीवर सात जणांनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि जेरुसलेमच्या यात्रेचं व्रत घेतलं: इग्नेशियस, फाबर, फ्रान्सिस, लाइनेझ, साल्मेरॉन, बोबादिया आणि सिमाँव रोद्रिगेश. फ्रान्सिसचे वर्ग चालू असल्यामुळे इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेचा महिनाभराचा पाठ त्याने व्रतानंतर केला. मग दोन वर्षं ईशज्ञान शिकून नोव्हेंबर १५३६ मध्ये त्याने पॅरिस सोडलं.

कॉलेजातून गोव्याला

सेंत-बार्बचे प्राचार्य होते दियोगो द गोव्हेइया, पोर्तुगीज. त्यांच्या प्रयत्नांनी १५२६ च्या सुमाराला पोर्तुगालचा राजा जॉन तिसरा याने या कॉलेजात ५० शिष्यवृत्त्या सुरू केल्या. रोद्रिगेश हा राजाच्याच पैशावर शिकलेला. याच गोव्हेइयांनी एकदा, मुलांना अभ्यासातून फितवतो म्हणून, इग्नेशियस यांना सर्वांदेखत फटके देण्याचं ठरवलं होतं. समोरासमोर बोलणं झाल्यावर त्यांनीच माफी मागितली.

जेरुसलेमची यात्रा घडली नाही, आणि ही मंडळी रोमला आली. १५३८ मध्ये गोव्हेइयांनी राजाला सुचवलं की हिंदुस्थानात पाठवायला माझ्या ओळखीचे हे जुने विद्यार्थी योग्य आहेत. राजाने रोममधला वकील पेद्रो मास्कारेन्यस यांच्याकरवी माणसं मागितली. रोद्रिगेश आणि बोबादिया यांची नावं ठरली. बोबादिया आजारी पडला आणि निघण्याच्या आदल्या दिवसांत त्याच्या जागी फ्रान्सिसला सांगण्यात आलं. मार्च १५४० मध्ये तो रोमहून निघाला. रोद्रिगेशला राजाने पोर्तुगालमध्येच ठेवून घेतलं. ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, फ्रान्सिस लिस्बनहून जहाजात बसला आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला.

गोव्यात फादर फ्रान्सिस हातात घंटा घेऊन रस्त्याने मुलांना बोलावत आणि प्रार्थना शिकवत. तमिळ किनाऱ्यावर त्यांनी दोन्ही भाषा थोड्याफार जाणणारी माणसं गाठून प्रार्थनांचं भाषांतर करून घेतलं, ते पाठ केलं, आणि लोकांकडून एकेक वाक्य म्हणवून घेतलं. आधी ऐकायचं, मग जसंच्या तसं परत म्हणायचं, मग पुढचं वाक्य. सेंत-बार्बमधल्या उजळणीचा ठसा यात मला दिसतो.

जानेवारी १५४४ च्या त्याच कोचीनच्या पत्रात पॅरिसही येतं. ते लिहितात, मनात येतं की तिकडच्या विद्यापीठांत, विशेषतः पॅरिसला जावं, आणि भान हरपलेल्या माणसासारखं ओरडत सांगावं: तुमच्याकडे विद्या आहे, पण ती कामी लावायची इच्छा कमी आहे. इथे माणसं नाहीत म्हणून किती काम पडून आहे, याचा हिशेब ते त्याला जोडतात. बाप्तिस्मा देऊन देऊन हात भरून येतात, असंही त्याच पत्रात लिहिलेलं आहे.